छत्रीबद्दल आपलं मत काय?

छत्रीबद्दल मला काही मत आहे, हे मला साठी उलटून गेल्यावर कळलं. तोवर छत्री होती, पाऊस होता, आणि पाऊस थांबला की छत्री कुठेतरी राहून जात होती. त्यात मत देण्यासारखं काही नव्हतं. पण आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मिरजेच्या सिस्टरने इंग्लंडला नोकरीला जायचं मनावर घेतलं. त्यासाठी आयल्ट्सची परीक्षा आली, परीक्षेत बोलण्याचा भाग आला, आणि त्याच्या सरावाला समोर प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं झालं. मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेला माणूस. चेहऱ्यावरची रेषही न हलवता समोरच्याला प्रश्न विचारायचा माझा हातखंडा आहे, ही शिफारस आमच्या हिनेच केली. तेव्हापासून संध्याकाळचा चहा झाला की मी साहेब होतो.

परीक्षेचं पूर्ण नाव लांबलचक आहे, पण क्लासच्या पाटीवर आणि पोरांच्या तोंडी ती नुसती आयल्ट्स. १९८९ साली ती या नावाने सुरू झाली. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग. बोलण्याचा भाग ११ ते १४ मिनिटांत आटोपतो. टेबलापलीकडे परीक्षक, सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. पहिली चार-पाच मिनिटं तुमची किरकोळ विचारपूस, मग कार्डावर छापलेल्या विषयावर एकट्याने एक-दोन मिनिटं बोलायचं, आणि शेवटची चार-पाच मिनिटं जरा उंचावरची चर्चा. मार्कांऐवजी बँड मिळतात, तेही नऊपर्यंतच. तिकडच्या नर्सिंग कौन्सिलला बोलण्यात ७ हवेत.

मला वाटलं होतं, परदेशी परीक्षा म्हणजे हवामानबदल, लोकशाही, गेला बाजार अणुऊर्जा तरी असेल. सिस्टरने क्लासची वही पुढे केली आणि मी चष्मा पुसला. तुम्हाला आरशात बघायला आवडतं का? लहानपणी तुम्ही कसले बूट घालायचात? तुमच्या खिडकीतून काय दिसतं? तुम्हाला चॉकलेट भेट द्यायला आवडतं की घ्यायला? तुम्ही छत्री वापरता का, आणि कसल्या छत्र्या तुम्हाला आवडतात? उभ्या आयुष्यात मला हे कुणी विचारलं नव्हतं. आमच्या हिनेसुद्धा नाही. आरशात बघायला आवडतं का, असं मी तिला कधी विचारलं असतं, तर त्यातून जे निघालं असतं ते चार-पाच मिनिटांत संपलं नसतं.

मराठी माणसाला अनोळखी माणसाशी गप्पा मारता येत नाहीत, असं ज्याला वाटत असेल त्याने एकदा कोयना एक्सप्रेसच्या साध्या डब्यात बसावं. पुणं सुटतंय तोच समोरचे गृहस्थ विचारतात, "कुठवर?" मिरज म्हटलं की, "मिरजेत कुणाचे?" ते सांगितलं की, "म्हणजे ब्राह्मणपुरीतले का?" साताऱ्यापर्यंत नोकरी, हुद्दा, पेन्शन बसलं की नाही, मुलीचं जमलं की नाही, गुडघा कुठल्या डॉक्टरला दाखवला, एवढं सगळं बाहेर आलेलं असतं. कऱ्हाडला उतरणाऱ्या माणसाने आपला फोन नंबर दिलेला असतो. मात्र या सगळ्यात एक गोष्ट आहे. आपण होऊन स्वतःबद्दल कुणी बोलत नाही. समोरचा खोदतो म्हणून आपण सांगतो, आणि आपण खोदतो म्हणून तो. स्वतःहून सांगायला लागला तर तो माणूस जरा आगाऊ ठरतो. "कसं काय चाललंय?" याला आपलं उत्तर "बरंय" हे. मुलगा अमेरिकेत कंपनीचा मालक झालेला असो की दुकान बुडालेलं असो, दोन्हीकडे "बरंय". पुढचं ज्याला हवं त्याने विचारून घ्यावं.

हीच खोड सिस्टरला नडत होती.

ही मुलगी वॉर्डात ऐकण्यासारखी बोलते. आमच्या हिचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बघितलंय. "आजी, आज चेहरा टवटवीत दिसतोय, लेक येऊन गेली वाटतं," असं म्हणत म्हणत ती सुई टोचून मोकळी होते आणि आजी सुनेची तक्रार सांगण्यात गुंग असतात. बोलणं हा तिच्या कामाचा अर्धा भाग आहे. पण माझ्यासमोर बसली की पहिला प्रश्न, काम करता की शिकता? "वर्क." काय काम करता? "स्टाफ नर्स." आवडतं का? "येस." यापुढे आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसायचो. कर्जाच्या खिडकीवर अशी उत्तरं देणारं गिऱ्हाईक मिळालं असतं तर मी त्याला चहा पाजला असता. इथे मात्र असं उत्तर म्हणजे बँड घालवणं. परीक्षकाच्या पुढ्यात प्रश्न छापील असतात. उत्तर अपुरं वाटलं म्हणून तो डब्यातल्या गृहस्थांसारखा "ब्राह्मणपुरीतले का?" करून आणखी खोदत बसत नाही. एखादं "का बरं?" टाकतो आणि पुढच्या प्रश्नावर जातो.

गावाबद्दल सांगा म्हटलं तर, "आय ॲम फ्रॉम मिरज. इट इज व्हेरी गुड प्लेस. देअर इज रेल्वे जंक्शन." झालं मिरज. आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, तंबोरे सांग की!" खरंच होतं. दीडशे वर्षांहून जास्त काळ तिथे सतारी आणि तंबोरे बनतायत, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेबांचं ते गाव, दर्ग्यात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचं हॉस्पिटल उघडलं आणि मिरज दवाखान्यांचं गाव झालं. सिस्टर नर्स का झाली याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. हे सगळं तिला ठाऊक होतं. मराठीत विचारल्यावर तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूरकडून कसे येतात, ते कडू असतात म्हणून कुणी खात कसं नाही, आणि तिच्या शाळेच्या वाटेवर ते टांगलेले कसे दिसायचे, हे ती दम न घेता सांगून गेली. मग म्हणाली, "पण हे साहेबाला कशाला सांगायचं? त्याला काय करायचंय मिरजेशी?"

प्रश्न बिनतोड होता. त्याला काहीच करायचं नाहीये. तुम्ही खरं बोलता की खोटं, हेसुद्धा तो बघत नाही. तो चारच गोष्टी मोजतो. बोलणं अडखळत नाही ना आणि त्याला संगती आहे ना, शब्दांचा साठा, व्याकरण, आणि उच्चार. चारींना सारखं वजन. तुम्ही साफ मिरजेच्या उच्चारात बोला, समजलं की पुरे. बागकाम आवडतं का या प्रश्नाला सिस्टरचं खरं उत्तर "नाही" होतं. क्लासने शिकवलं होतं की "हो" म्हण, शब्द जास्त सुचतात. तिला ते पटेना. माझंही मत असं की नावडीवर माणूस जास्त अस्खलित बोलतो. पुण्यात राहून एवढं तरी माझ्या लक्षात आलंय.

क्लासचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मुलांना तिथे कुठल्याही प्रश्नाला आधी "दॅट्स ॲन इंटरेस्टिंग क्वेश्चन" म्हणायला शिकवतात, विचार करायला तेवढाच वेळ. सवयीने सिस्टरने मला, "व्हॉट इज युअर फुल नेम?" या प्रश्नालाही तेच ऐकवलं. शिवाय वाक्प्रचारांची एक झेरॉक्स आहे. वन्स इन अ ब्लू मून, पीस ऑफ केक, आणि कुत्र्या-मांजरांचा तो पाऊस. एकेका उत्तरात निदान दोन तरी बसवायचे. त्यामुळे सिस्टर मला सांगायची की ती आईला "वन्स इन अ ब्लू मून" फोन करते. वास्तविक आईचा फोन रोज रात्री साडेनऊला येतो आणि आमच्या छतापर्यंत ऐकू येतो. एकाच क्लासची सगळी पोरं एकाच तोंडाने बोलायला लागली तर परीक्षकाला ते न कळायला तो काय झोपलेला असतो? पाठ केलेलं ओळखायचं शिक्षण त्याला दिलेलं असतं. मी ती झेरॉक्स जप्त केली.

तिचाही दोष नाही. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, म्हणजे तिची पिढी आमच्यापेक्षा चार वर्षं आधी त्या भाषेला भेटली. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवायला घेतली आणि पुढे तर्खडकरांची पाठमाला. मग रॅपिडेक्स आलं, जाहिरातीत कपिल देव होता, म्हणून अर्ध्या महाराष्ट्राने घेतलं आणि पहिल्या वीस पानांवर ठेवून दिलं. पण पाचवीपासून काय नि पहिलीपासून काय, वर्गात इंग्रजीत प्रश्न धड्याखालचे. सुसान जंगलात का गेली? उत्तर धड्यातच, पेन्सिलीने कंस केलेलं. तुला जंगलात जायला आवडेल का, हे कुणी विचारायचं नाही.

तिचा धीर सुटायला लागला तेव्हा मी तिला केंब्रिजची गोष्ट सांगितली. परक्यांच्या इंग्रजीची परीक्षा त्यांनी पहिल्यांदा घेतली ती १९१३ साली. तब्बल १२ तासांची. फ्रेंच किंवा जर्मनमधून भाषांतर, व्याकरण, निबंध, उच्चारशास्त्र, श्रुतलेखन, मोठ्याने वाचन आणि संभाषण. परीक्षेला तिघं जण बसले आणि तिघंही नापास झाले.

"तिघंही?" सिस्टर म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा खुलला.

नमुना म्हणून एकदा छत्रीचा प्रश्न मीच घेतला. खुर्च्या बदलल्या, सिस्टर साहेब झाली. आणि मी बोलत सुटलो. माझी पहिली छत्री लांब दांड्याची, काळी, वाकड्या मुठीची. वडिलांनी आतल्या कापडावर पांढऱ्या ऑइलपेंटने आडनाव घालून घेतलं होतं, अक्षर असं की छत्री उघडली की पेठेला कळावं कोण चाललंय. मे अखेरीला छत्री दुरुस्तीवाला दारावर यायचा, ओट्यावर बसून काड्या तारेने बांधायचा आणि आजी त्याच्यासमोर ठाण मांडून बसायची, काडी बदलली की जुनीच वाकवली हे बघायला. घडीच्या छत्रीत दम नाही. ती बॅगेत मावते म्हणून माणूस ती आणतो आणि बॅगेत आहे म्हणून विसरतो. तिला काठीसारखी टेकता येत नाही, कुत्र्यावर उगारता येत नाही, आणि बसमध्ये जागा अडवायलाही उपयोग नाही. छत्री उसनी देऊ नये. दिलीच तर पाऊस चालू असेपर्यंतच परत मागावी, ऊन पडल्यावर मागणारा कद्रू दिसतो. हे सारं माझ्या आत होतं! इंग्रजी माझं बँकेतलं, म्हणजे "काइंडली" आणि "द सेम" यांवर उभं असलेलं, पण छत्रीपुढे तेही पळायला लागलं. सिस्टरने घड्याळ दाखवलं. पहिल्या भागात एका उत्तराला तीन-चार वाक्यं पुरतात म्हणे.

खरी गंमत कार्डाची आहे. मधल्या भागात तुमच्या हातात एक कार्ड येतं. वर विषय आणि खाली चार ओळी, त्यात काय काय सांगायचं ते. विचाराला एक मिनिट, टिपायला कागद-पेन्सिल. मग तुम्ही बोलायचं, आणि परीक्षक थांबवेपर्यंत बोलायचं. नमुन्याचं प्रसिद्ध कार्ड असं आहे: तुमच्या मालकीची, तुम्हाला महत्त्वाची वाटणारी एखादी वस्तू. कुठून आणली, केव्हापासून आहे, कशासाठी वापरता, आणि महत्त्वाची का. सिस्टरने क्लासच्या सल्ल्याप्रमाणे मोबाइल घेतला. मोबाइलने फोन करता येतो, फोटो काढता येतात, गुगल पाहता येतं. पाऊण मिनिटात मोबाइल संपला. उरलेला वेळ आमचा पंखा बोलत होता.

"काका, तुम्ही नुसतं 'हं' तरी म्हणा हो," ती काकुळतीने म्हणाली.

पण तेच नाही चालत. तेवढी दोन मिनिटं परीक्षक गप्प असतो. आणि आपला सगळा मामला तिथेच बसतो, कारण आपल्याकडे सांगणारा एकटा कधी नसतोच. गोष्ट सांगणाऱ्या आजीला दर वाक्याला कुणीतरी "हं" म्हटलेलं लागायचं, नाहीतर "झोपलात वाटतं" म्हणून ती गोष्ट अर्ध्यावर टाकायची. आमची ही तिच्या बहिणीशी फोनवर तासभर असते तेव्हा आमच्या बाजूने ऐकू येतं ते एवढंच, "हो ना… अगं बाई… मग?… आणि ती काय म्हणाली?… कमाल आहे." त्या तासात हिची बहीण किती ओघवती बोलत असेल याचा विचार करा. त्या बाईला कार्ड देऊन गप्प भिंतीसमोर बसवलं तर तीही मोबाइलने फोटो काढता येतात इथेच थांबेल. सिस्टर वॉर्डात बोलते ते आजी दाद देतात म्हणून. इंग्लंडच्या वॉर्डातही आज्या असणार, त्याही सुनेची तक्रार सांगणार, आणि तिथे ही पोरगी आठवड्यात सगळ्यांची लाडकी होणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मध्ये फक्त हा एक गप्प माणूस बसलेला आहे.

उपाय आमच्या हिने काढला. मोबाइल बाजूला ठेव म्हणाली, तुझ्या घरातली जी वस्तू बिघडली तर तू आधी रडशील ती सांग. सिस्टरने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "कुकर."

कार्ड हातात, मिनिट संपलं, आणि सुरू झाली. नर्सिंगच्या होस्टेलवर वरच्या आणि खालच्या खोलीत मिळून दोन कुकर आणि शिटी एकच. वरच्यांची शिटी हरवलेली. त्यामुळे खालच्या खोलीचा भात होईपर्यंत वरच्या खोलीने तांदूळ भिजवून बसायचं. मग शिटी फडक्यात धरून, गरम गरम, जिन्याने पळत वर न्यायची. नाइट ड्यूटीवाल्या मुलीला आधी मान. एकदा शिटीवरून भांडण झालं तर खालच्या मुलींनी ती कपाटात कुलूपबंद केली आणि वरच्या खोलीने अख्खा आठवडा पोहे खाल्ले. शिकून संपल्यावर सगळ्या आपापल्या गावी गेल्या, कुकर हिच्या वाट्याला आला, आणि निघताना खालच्या मुलीने न बोलता शिटी हिच्या पर्समध्ये टाकली. हे सगळं इंग्रजीत. "डिड वेंट" होतं, "वी वॉज" होतं, शिटी धावत जिना चढताना काळ तर तीनदा बदलला, पण बाई थांबल्या नाहीत. घड्याळ वाजलं. मी नियमाप्रमाणे "थँक्यू" म्हटलं. ती म्हणाली, "थांबा हो काका, पोह्यांचं राहिलंय," आणि मराठीत पुढे चालू.

त्यानंतर व्याकरण दुरुस्त करणं हे काम उरलं, ते मला येतं.

शेवटच्या भागाची तिला कधीच अडचण आली नाही. वस्तूच्या कार्डामागून प्रश्न येतो: तुमच्या देशात कोणत्या वस्तूंमुळे माणसाला प्रतिष्ठा मिळते? रात्री अकराला भेटीची वेळ संपल्यावरही कुणाच्या नातेवाइकांना वर सोडतात आणि कुणाला गेटवरच अडवतात, हे जिने रोज पाहिलंय तिला या प्रश्नाचं उत्तर शोधायला जावं लागत नाही. गाडी, सोनं, नगरसेवकाची चिठ्ठी, या क्रमाने ती बोलायची, आणि मी साहेब आहे हे विसरून "बरोबर आहे" म्हणायचो.

हळूहळू सोसायटीत हे पसरलं. तळमजल्यावरचा कॅनडावाला पोरगा येऊन बसू लागला. रविवारी आमच्या हिनेही एक कार्ड उचललं. निघालं काय, तर शेजाऱ्याचं वर्णन करा. ती उठली, आधी खिडकी लावून घेतली, आणि मग बोलायला बसली. एवढी पूर्वतयारी मी कुठल्याच परीक्षार्थीत पाहिली नाही.

निकाल लागला तेव्हा बोलण्यात सिस्टरला साडेसात. परीक्षेत विषय काय आला होता, तर ज्या प्रवासाला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला असा प्रवास. पुणे-मिरज. तिला एवढंच पुरे होतं. अडलं ते लिहिण्यात. तिथे साडेसहा हवेत आणि मिळाले सहा. त्यामुळे हल्ली आमच्या टेबलावर आलेख असतात. लेखी परीक्षेच्या पहिल्या प्रश्नात एखादा आलेख देतात आणि वीसेक मिनिटांत निदान १५० शब्दांत त्याचं वर्णन मागतात. काय वाढलं, काय घटलं, कुठे स्थिर राहिलं एवढंच लिहायचं. स्वतःचं मत अजिबात नको, असा दंडक. छत्रीपासून कुकरपर्यंत प्रत्येक गोष्टीला मत फोडून काढल्यावर आता ते गिळायची साधना चालू आहे.

परवाच्या आलेखात कुठल्याशा देशात वीस वर्षांत चहाची रेघ खाली खाली आली होती आणि कॉफीची वर चढली होती. आमची ही चहाचा ट्रे घेऊन आली, तिने चष्मा कपाळावर सरकवून कागद जवळ घेतला.

"मेले पाणी घालत असतील चहात. लिही."

"काकू, ते लिहायचं नसतं."

"मग काय लिहायचं असतं?"

"घसरण झाली, एवढंच."

"आणि का झाली ते विचारणार नाहीत?"

"नाही."

"परीक्षा आहे की आमचे हे आहेत?" ही म्हणाली, आणि कागदावरच ट्रे ठेवून सिस्टरला विचारायला बसली, की त्या देशात दूध तरी कसं मिळतं.